पंपाखालचं रबर

त्या गॅरेजातून गाडी बाहेर पडायची एक रीत होती आणि तीस वर्षांत ती कधी मोडली नव्हती. काम कुठलंही असो, ब्रेकचं असो की नुसतं तेल बदलायचं, सगळं आटोपलं की बाबा आपलं पोतं जमिनीवर अंथरायचे, मागच्या चाकाशी आडवे व्हायचे आणि पेट्रोलच्या टाकीला कान लावायचे. त्यांची मुलगी पुढे बसून चावी अर्धी फिरवायची. अर्ध्या चावीवर इंजिन सुरू होत नाही. टाकीच्या आत बुडालेला विजेचा पंप तेवढा दोन सेकंद गुणगुणतो, पेट्रोल पुढे ढकलतो आणि गप्प होतो. त्या दोन सेकंदांत बाबांना काय हवं ते कळायचं. मग चाकाआडून त्यांचा अंगठा वर यायचा, मुलीला तो बाजूच्या आरशात दिसायचा आणि ती चावी पूर्ण फिरवायची. अंगठा आला नाही तर गाडी हलायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

लोक त्यांना वैद्य म्हणायचे. नाव आधी चेष्टेत पडलं आणि मग आदराने टिकलं. जुनी गाडी विकत घेणारा माणूससुद्धा आधी विचारायचा, वैद्यांनी कान दिलाय का हिला? दिला असेल तर पुढची बोलणी. बाबा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण त्या दिवशी चहा दोनदा मागायचे.

मुलीचं नाव चिमटी. म्हणजे खरं नाव वेगळंच होतं, पण ते फक्त सरकारी कागदावर उरलं होतं. सात वर्षांची असताना इंजिनाच्या खोल बेचक्यात पडलेला एक नट तिने इवलासा हात घालून काढून दिला, आणि तेव्हापासून ती चिमटी झाली. पोरीचा हात इंजिनात घातला म्हणून आईने त्या वेळी दोन दिवस अबोला धरला होता. त्याच वर्षापासून चावीही तिच्याकडे आली. आरसा दिसावा म्हणून बुडाखाली दोन उशा लागायच्या. आता ती चौतीस वर्षांची होती, हात बापासारखेच रुंद झाले होते, गॅरेजातलं निम्म्याहून जास्त काम तीच करायची. पण कान बाबांचा आणि चावी तिची, ही वाटणी काही बदलली नव्हती. बाबांच्या पोत्यावर ती एकदाही आडवी झाली नव्हती.

तर या गॅरेजात बेकरीवाल्या मावशींची व्हॅन यायची. मावशी नेमक्या कुणाच्या मावशी होत्या हे कुणालाच सांगता आलं नसतं. भट्टीच्या पंख्यापुढे जन्म काढल्यामुळे त्या साधं ‘बसते’ म्हणायचं तरी पलीकडच्या फुटपाथला कळेल अशा आवाजात म्हणायच्या. रोज पहाटे त्या स्वतः व्हॅन चालवून एका इस्पितळात आणि दोन शाळांत पाव पोचवायच्या. व्हॅन त्यांच्याइतकीच जुन्या वळणाची, पण त्यांच्याइतकीच कामसूही.

दोन महिन्यांपूर्वी ती व्हॅन पहिल्यांदा बंद पडली. बाबांनी कान दिला, मान हलवली आणि सांगितलं, पंप गेला. आता टाकीतला पंप बदलायचा म्हणजे खेळ नव्हे. आधी नळी घालून सगळं पेट्रोल डब्यात उतरवायचं, टाकीखाली जॅक लावायचा, पट्टे सोडायचे, आणि ती जड टाकी दोघांनी मिळून बाळंतिणीला उतरवावं तशी हळूहळू खाली घ्यायची. त्यात बाबांची कंबर आधीच कुरकुरणारी. दोघांचा अख्खा दिवस गेला. नवा पंप बसला, व्हॅन सुरू झाली, अंगठा वर आला. तीन आठवड्यांनी व्हॅन पुन्हा बंद. बाबांनी पुन्हा कान दिला, पुन्हा मान हलवली. नवा पंपच फुसका निघाला, म्हणाले. पुन्हा टाकी खाली, पुन्हा पंप, पुन्हा अंगठा.

दोन्ही वेळा पंपाच्या तळाची जाळी तपकिरी गाळाने भरलेली चिमटीला दिसली होती. तिने ते सांगितलंही. बाबा म्हणाले, जुनी टाकी आहे, थोडा गंज असणारच. आणि विषय तिथेच संपला. पेट्रोलचा दाब मोजायचं गेज तिच्याच खणात वेष्टनासकट पडून होतं, पण ज्या घरात वैद्य आहे त्या घरात गेज कशाला फोडायचं? वैद्य बोलले की बोलले, ही सवय गिऱ्हाइकांना होती त्याहून तिला जास्त होती.

तिसऱ्या वेळी व्हॅन शाळेच्या फाटकातच अडकली. मावशींनी पावाच्या पाट्या मुलांच्या हाती आत पाठवल्या आणि मग गॅरेजला फोन केला. फोन अर्थातच चिमटीने घेतला. दोरी लावून व्हॅन ओढत आणली. मावशी या वेळी ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. शाळेचं एक वेळ चालेल, त्या म्हणाल्या, पण इस्पितळातली माणसं पहाटेपासून वाट बघतात, त्यांना मी काय सांगू? पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल, वैद्य. आणि त्या पायीच निघून गेल्या.

बाबांनी पोतं अंथरलं. चिमटी चावीवर बसली. उन्हामुळे तिने दार उघडं ठेवलं होतं आणि रस्त्यावर त्या क्षणी कुठलीही गाडी नव्हती. तिने चावी अर्धी फिरवली. पंप गुणगुणला. अगदी स्वच्छ, दोन सेकंद, मागून पुढे ऐकू आला. तिने आरशात पाहिलं. बाबा टाकीला कान चिकटवून, डोळे मिटून पडले होते. अंगठा आला नाही. त्यांनी हाताने खूण केली, पुन्हा फिरव. तिने पुन्हा फिरवली. पंप पुन्हा गुणगुणला. बाबांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

“गेला,” ते उठत म्हणाले. “हाही गेला. हल्ली माल कसला येतो कोण जाणे.”

आपल्याला पुढे बसून ऐकू येतं ते यांना कान लावून ऐकू येत नाही, हे चिमटीला कळायला दोन सेकंद पुरले, आणि ते मान्य करायला अख्खी सकाळ पुरली नाही. तिने गेजचं वेष्टन फोडलं, बाबा आत पाणी प्यायला गेल्यावर पुढच्या नळीला लावलं. पंप चालत होता, पण दाब नावालाच येत होता. म्हणजे जाळी तुंबली होती. पंप कधीच मेला नव्हता. पहिलाही नाही आणि दुसराही नाही. नव्या पंपाबरोबर नवी जाळी येत होती, म्हणून गाडी तीन आठवडे चालत होती, एवढंच. काढलेले दोन्ही पंप मागच्या फळीवर होते. तिने ते अंगणात नेऊन एकेक करून बॅटरीला क्षणभर टेकवले. दोन्ही फिरले.

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच दार होतं. चिमटी तिथे जाऊन उभी राहिली. आई पीठ चाळत होती. चिमटीने विचारलं, बाबांना कमी ऐकू येतं का गं? आईने चाळणी थांबवली नाही. जाड आवाज येतात, ती म्हणाली, बारीक येत नाहीत. इंजिन कळतं, आपण समोर असलो की बोलणं कळतं, पण नळ वाहत राहिला तर कळत नाही. किटलीची शिट्टी कळत नाही. फोनची रिंगही कळायची नाही, म्हणून मी एक दिवस त्यांचा फोन नुसता थरथरेल असा करून ठेवला, आणि त्यांना सांगितलं की त्या रिंगने माझं डोकं उठतं. ते खिशावर हात ठेवून फोन उचलतात, आणि त्यांना वाटतं आपण बायकोची सोय बघतोय.

“मग सांगितलं का नाहीस त्यांना?”

“तू सांग ना,” आई म्हणाली. “तू गॅरेजात असतेस. जा, सांग वैद्यांना, तुमचा कान गेला म्हणून.”

गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, मावशी तर जास्तच. त्यामुळे कुणाला काही लक्षात आलं नव्हतं, आणि सगळ्यात कमी खुद्द बाबांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्यापुरतं जग हळू बोलायला लागलं होतं आणि माल खराब यायला लागला होता. त्यांना ऐकू येत नाही असं एकदा बाहेर पडलं की पुन्हा कुणी त्यांच्या अंगठ्यासाठी थांबलं नसतं. मग त्या माणसाने सकाळी उठून करायचं काय? बापावर तिचा फार जीव होता, आणि तो कसा बोलून दाखवायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नट-बोल्टांतून जे काही सांगता येईल तेच तिला येत होतं.

म्हणून जेवताना तिने बाबांसमोर बसून, नीट तोंडाकडे बघत सांगितलं, पंप टाकीच्या बाहेर घेऊ या.

बाबा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. कंपनीने पंप आत ठेवलाय तो उगीच नाही, ते म्हणाले. आत पेट्रोलमध्ये बुडून असतो, म्हणून थंड राहतो आणि आवाजही होत नाही. चिमटी म्हणाली, पण ही टाकी आतून गंजतेय, नवी टाकी आता कुठे मिळत नाही, आणि जाळी तुंबली की आपण दोघं दर वेळी टाकी उतरवत बसणार का? तुमच्या कमरेचं काय? त्यापेक्षा बाहेर बसणारा पंप आणू, त्याच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावू. गाळ दिसला की मावशीसुद्धा पाच मिनिटांत फिल्टर बदलतील. यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. फक्त एक गोष्ट तिने सांगितली नाही, की बाहेरचा पंप आतल्यापेक्षा पुष्कळ मोठ्याने ओरडतो. तो बाबांना ऐकू येईल, अंगठा वर येईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता.

बाबांना कल्पना पटायला वेळ लागला, पण पटल्यावर ती त्यांचीच झाली. त्यांनी उष्ट्या हातानेच ताटाशेजारी बोट ओढत नकाशा काढला. विजेचा पंप ढकलायला पहिलवान असतो पण ओढायला अगदी लेचापेचा, तेव्हा तो टाकीच्या बुडापेक्षा खाली हवा, म्हणजे पेट्रोल आपोआप उतरून त्याच्यापर्यंत येईल. सायलेन्सरपासून लांब हवा, नाहीतर तापेल. दगड लागू नये म्हणून खालून पत्रा हवा. आणि रबर, ते म्हणाले, पंपाखाली चांगलं जाड रबर घाल, नाहीतर सगळा आवाज गाडीच्या अंगात उतरेल आणि मावशी वेड्या होतील. आईने भाताची वाटी पुढे करत विचारलं की नकाशा पुसू का, तर म्हणाले, थांब, वायर राहिली.

बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी काम काढलं. टाकी उतरवली, शेवटची म्हणून. बाबांनी आत साखळी टाकून ती दोघांनी मिळून हलवली, गंजाचे पापुद्रे धुऊन काढले. तिसरा पंप चिमटीने काढला आणि काही न बोलता आपल्या खणात ठेवून दिला. पंपाचं जुनं तोंड पत्र्याच्या झाकणाने बंद केलं. बुडाच्या भोकात नळी बसवली, ती मात्र आत बोटभर वर उभी राहील अशी, म्हणजे तळाचा गाळ तळाशीच राहावा. मग टाकी वर चढली. पुढचं सगळं गाडीखालचं आणि वाकायचं, म्हणून बाबा स्टुलावर बसले आणि एकेक वस्तू चिमटीच्या हातात देत राहिले. फिल्टर दिला, नळ्या दिल्या, पट्ट्या दिल्या. रबराचे दोन जाड तुकडे त्यांनी स्वतः कापून, कडा घासून दिले होते.

चिमटीने गाडीखाली पडल्या पडल्या ते तुकडे हातात घेतले. जरा वेळ तशीच राहिली. मग ते खिशात घातले आणि पंप थेट लोखंडी चौकटीवर आवळला. कच्चं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, त्यामुळे शेवटचा बोल्ट फिरवताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण आवाज मोठा यायला हवा होता. दोनच दिवस, तिने मनाशी म्हटलं, नंतर काहीतरी निमित्त काढून रबर घालू.

दुपार कलली. पेट्रोल ओतून झालं, सगळे सांधे बाबांनी फडक्याने पुसून गळती पाहिली. मग पोतं आलं. चिमटी चावीवर जाऊन बसली. तिचे हात ओले झाले होते, तिने ते पायजम्याला पुसले आणि चावी अर्धी फिरवली.

पंप किंचाळला. चौकटीवर नुसता आवळलेला असल्यामुळे तो आवाज सगळ्या पत्र्यांतून निघाला, काचांना लागला, सीटखाली आला. गॅरेजापुढे झोपलेलं कुत्रं उठून चालू लागलं. स्वयंपाकघराच्या दारात आई कानांवर हात ठेवून आली, हे काय केकाटतंय बघायला. चिमटीने आरशात पाहिलं. बाबा डोळे मिटून, पंपापाशी कान नेऊन पडले होते. वाट बघत होते. त्यांनी हाताने खूण केली, फिरव की.

तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तोच कल्लोळ. बाबांनी मान हलवली.

चिमटीला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते. तरी तिने तिसऱ्यांदा चावी फिरवली, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. या वेळी बाबांनी कान लावला नाही. वायर सुटली असेल म्हणून त्यांनी चाचपायला हात घातला, आणि तळवा पंपावर पडला. हात जागच्या जागी थांबला. दोन सेकंद पंप त्यांच्या हाताखाली थरथरत होता आणि त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं.

मग ती बोटं हळूहळू पंपाच्या खाली गेली. लोखंडाला लोखंड लागलं होतं.

बाबा उठून पोत्यावरच बसले. चिमटी खाली उतरून त्यांच्यासमोर आली.

“रबर कुठाय?”

तिने खिशातून दोन्ही तुकडे काढून तळहातावर धरले.

“विसरलीस?”

ही सुटायची वाट बाबांनीच मोकळी करून दिली होती. हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण आयुष्यभर ज्याच्या अंगठ्यावर विश्वास ठेवला त्याच्याशी समोरासमोर खोटं बोलणं तिला जमेना.

“नाही. मुद्दाम नाही घातलं. तुम्हाला ऐकू यावा म्हणून.”

बाबा आपल्या तळव्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, “केवढा येतोय?”

आई त्यांच्याजवळ आली, सवयीने वळसा घालून उजवीकडून आली. “मागच्या गल्लीपर्यंत,” ती म्हणाली.

“तुला ठाऊक होतं?”

“दोन वर्षं तुमच्या उजव्या हाताला चालतेय, त्या कानाला जरा बरं येतं म्हणून. तुम्हाला वाटलं असेल, सावलीसाठी.”

बाबांनी मान खाली घातली. चिमटीने फळीवरचे दोन आणि खणातला तिसरा, असे तिन्ही पंप आणून पोत्यावर त्यांच्यापुढे ठेवले. तिने काही सांगायची गरज नव्हती. बाबांनी एकेक उचलून पाहिला, अंगठ्याने त्याची तार सरळ केली, पुन्हा ठेवला.

“चांगल्याला मेलेला म्हटलं मी,” ते म्हणाले. “दोनदा. तीनदा.”

“जाळी मी पाहिली होती, बाबा. गेज माझ्या खणात होतं. मीही काही बोलले नाही.”

“तू माझ्यावर विश्वास ठेवलास. ती चूक नव्हे.” मग त्यांनी तिच्या हातातलं रबर घेतलं, कडा बोटाने तपासल्या आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. “आधी हे घाल. गाडी मावशींची आहे. माझ्यासाठी त्यांनी का रोज पहाटे हे ऐकायचं?”

चिमटी गाडीखाली गेली. बोल्ट सैल करताना तिला रडू आवरलं नाही, आणि गाडीखाली असल्याचा एवढा एक फायदा तिने करून घेतला. बाबा स्टुलावर बसून पाना देत होते. नेहमीसारखा, न मागता, नेमका हवा तोच.

संध्याकाळी मावशी व्हॅन न्यायला आल्या. चिमटीने ठरवलं होतं की आपण बोलायचं, टाकीचा गंज, जाळी, नवा फिल्टर, एवढंच सांगायचं, आणि तेवढं सगळं खरंही होतं. पण बाबा तिच्या आधी उठले. मावशींना टायरच्या ढिगावर बसवून त्यांनी सरळ सांगितलं की पहिला पंप चांगला होता आणि दुसराही चांगला होता, ते दोन्ही आमच्या अंगावर. माल खराब नव्हता. मला पंपाचा आवाज ऐकू येत नाही, आणि येत नाही हे मला आज दुपारी कळलं.

आता मावशी गावभर ऐकू जाईल असं काहीतरी बोलणार याची चिमटीला खात्री होती. मावशींनी पंपांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, आवाज अगदी खाली आणून काहीतरी विचारलं. नेमकं तेच बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी चिमटीकडे पाहिलं.

“त्या विचारतायत,” चिमटी म्हणाली, आणि तिला शब्द जुळवावे लागले, “मग आता अंगठा कोण दाखवणार? अंगठ्याशिवाय मी गाडी नेणार नाही, म्हणतायत.”

बाबा हसले. दिवसभरात पहिल्यांदा हसले. मग त्यांनी पोतं उचललं, दाराबाहेर नेऊन दोनदा झटकलं, मागच्या चाकाशी अंथरलं. एका कोपऱ्याला तेलाचा ओला डाग होता, तो कोपरा त्यांनी आत दुमडला. तीस वर्षं ते स्वतः त्याच डागावर पडत होते.

“पड,” ते चिमटीला म्हणाले. “घाई करायची नाही. सुरुवातीला जरा घुसमटल्यासारखा येतो, मग मोकळा होतो. मोकळा झाला तरच.”

आणि चावी तिच्या हातातून घेऊन ते पुढे गेले. सीटवर बसायला त्यांना जरा वेळ लागला, या बाजूला ते कधी बसतच नव्हते. आरसा वळवून त्यांनी मागचं चाक दिसेल असा केला.

चिमटी पोत्यावर आडवी झाली. त्याला तेलाचा, घामाचा आणि बाबांचा वास येत होता. पंप तिच्या कानापासून वीतभर होता. खटका वाजला, आणि रबरावर बसलेला पंप हलकेच बोलू लागला, शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं इतपतच. आधी जरा घुसमटला. मग मोकळा झाला. अगदी त्यांनी सांगितलं तसंच. इतकी वर्षं ते काय ऐकत होते हे तिला आज कळलं, आणि ते त्यांना पुन्हा ऐकू येणार नाही हेही त्याच वेळी कळलं. तिने खात्रीसाठी तळवाही पंपावर ठेवला.

मग तिने चाकाआडून अंगठा वर केला. चांगला उंच केला, आणि आरशात पाहिलं. बाबा पुढून तिच्याकडेच बघत होते, मान थोडी ताणून, ती सात वर्षांची असताना दोन उशांवर बसून बघायची तसे. अंगठा दिसल्यावर त्यांनी एकदा मान डोलावली आणि चावी पूर्ण फिरवली.

इंजिन सुरू झालं. ते त्यांना ऐकू आलं. मावशींना उशीर होत होता, तरी बाबांनी ते जरा वेळ तसंच चालू ठेवलं, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.